सांबऱ्याहून मुंबई: अंतर किती, वेळ किती?

बेळगुंदीहून विमानाने मुंबईला निघालेल्या माणसाला आधी उलट दिशेने जावे लागते. गाव बेळगाव शहराच्या पश्चिमेला, बारा-तेरा किलोमीटरवर, राकसकोपच्या बाजूला. विमानतळ शहराच्या पूर्वेला, सांबऱ्यात. म्हणजे विमान गाठायचे तर अख्खे शहर ओलांडणे आले.

सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. 1942 मध्ये ब्रिटिश हवाई दलाने ती बांधली. भारतीय हवाई दलाचे जवान आजही तिथेच घडतात. प्रवाशांसाठीची नवी टर्मिनल इमारत 2017 मध्ये खुली झाली.

नकाशावर सरळ रेघ ओढली, तर सांबरा ते मुंबई विमानतळ हे अंतर सुमारे 400 किलोमीटर भरते. पुणे-बेंगळुरू महामार्गाने तेच पाचशेच्या घरात जाते. सांबऱ्याहून बेंगळुरूचा विमानतळ सरळ रेषेत साधारण 445 किलोमीटर. हवाईमार्गाने बेळगावला राज्याच्या राजधानीपेक्षा मुंबई जवळ आहे.

मग वेळेचा हिशेब. ताशी 800 किलोमीटर वेगाने 400 किलोमीटरला अर्धा तास पुरायला हवा. वेळापत्रकात मात्र तास-सव्वा तास असतो. कारण ही वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची धरतात. सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम, मुंबई वायव्येकडे. उड्डाणानंतर वळावे लागते. पूर्ण उंची आणि पूर्ण वेग गाठेपर्यंत उतरण्याची तयारी सुरू होते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमानांना आकाशातच रांग लावावी लागते.

सरकारी धोरणानेही अंतर आणि वेळ यांची सांगड घातली आहे. ‘उडान’ योजनेचे पहिले विमान एप्रिल 2017 मध्ये सिमला-दिल्ली मार्गावर उडाले. साधारण तासाभराच्या, म्हणजे 500 किलोमीटरच्या प्रवासाला योजनेतल्या ठरावीक जागांसाठी 2,500 रुपयांची मर्यादा ठरली. 2018 मध्ये या योजनेमुळे विमाने हुबळीकडे वळली आणि बेळगावकरांना त्याची झळ बसली. 2019 मध्ये बेळगावचाही योजनेत समावेश झाला, तेव्हा सांबरा पुन्हा गजबजले.

निपाणीकरांचे गणित वेगळे. त्यांना सांबऱ्यापेक्षा कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ जवळ पडते, तेही महामार्गालगत. जिल्हा बेळगाव आणि विमान कोल्हापूरचे, अशी या सीमाभागातली सोय.

बेळगुंदीकराने घरापासून घरापर्यंतची वेळ मोजली, तर सांबऱ्याला पोहोचायला तासभर, तिथे दीड-दोन तास आधी हजेरी, तास-सव्वा तास उड्डाण आणि पुढे सामान घेऊन मुंबईच्या वाहतुकीतून आणखी तास-दीड तास. बेरीज पाच-सहा तासांची. रात्रीच्या बसला नऊ-दहा तास लागतात, रेल्वेला बाराच्या आसपास. विमान वेळ वाचवते यात शंका नाही. पण पाच-सहा तासांतला हवेतला वाटा जेमतेम एक तासाचा.

म्हणूनच सांबऱ्याच्या विस्ताराची चर्चा होते, तेव्हा शहर चुकवून जाणारा रस्ता आणि विमानांच्या वेळा धरून पश्चिम भागातल्या गावांसाठी बस, हे विषयही त्याच बैठकीत यायला हवेत. बेळगुंदी, राकसकोप परिसरातल्या ग्रामपंचायतींनी ही मागणी एकत्रितपणे लेखी मांडावी.