नदीतला शिंगाडा: तण कशाला म्हणायचं?

मागे ऐकू येतंय ना? बरं.

संयोजकांनी पत्रिकेत माझा विषय 'निसर्ग आणि नैतिक जबाबदारी' असा छापलाय. एवढा मोठा विषय पाऊण तासात उरकायची हिंमत मला नोकरीत असतानाही नव्हती. म्हणून मी आज एकाच वनस्पतीबद्दल बोलणार आहे. ती तुम्ही सगळ्यांनी, निदान उपासाच्या दिवशी, खाल्लेली आहे. शिंगाडा.

माझी मुलगी अमेरिकेत वॉल्टम नावाच्या गावात राहते. बॉस्टनच्या पश्चिमेला. गावातून चार्ल्स नदी वाहते. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे होतो, आणि एका शनिवारी सकाळी माझ्या पंधरा वर्षांच्या नातीने मला कयाकमध्ये बसवलं. कयाक म्हणजे अरुंद, बुटकी होडी. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं आणि आपण जवळजवळ पाण्याच्या पातळीवरच बसतो. माझं वय ७४. चढताना दोन माणसांनी धरलं, उतरताना तिघांनी. ते असो.

आम्ही निघालो होतो नदीतलं तण काढायला. १९६५ पासून या नदीसाठी काम करणारी चार्ल्स रिव्हर वॉटरशेड असोसिएशन नावाची संस्था आहे. ती उन्हाळ्यात स्वयंसेवकांना होड्यांतून नेते आणि पाण्यावर पसरलेली वनस्पती हातांनी उपटायला लावते. काठावर एका बाईंनी नमुना हातात धरून दाखवला, आणि मी नातीला म्हटलं, "अगं, हा तर शिंगाडा!" तिला वाटलं आबांनी काहीतरी शिवी दिली.

आता हे काम कसं करतात ते जरा तपशिलात सांगतो, कारण पुढचा सगळा विचार त्यातूनच निघालाय.

पाण्यावर दिसते ती पानांची चकती. त्रिकोणी, दातेरी पानं, आणि देठ मध्येच फुगलेले. त्यांत हवा असते, म्हणून चकती तरंगते. खाली लांबच लांब दोरीसारखा देठ, पाच मीटरपर्यंतही जाऊ शकतो, आणि तो गाळात रुजलेला. नवखा माणूस चकती धरून हिसका देतो. चकती हातात येते, देठ खाली राहतो आणि पुन्हा फुटतो. म्हणून हात पाण्यात घालून चकतीच्या खाली देठ पकडायचा आणि हळू, सरळ वर ओढायचं. गाळातून मूळ सुटतं तेव्हा बोटांना एक बारीकसा झटका कळतो. मग पाण्यातच खळबळून गाळ आणि गोगलगायी झटकायच्या आणि झाड टोपलीत टाकायचं. टोपली भोकांची लागते, कपडे धुवायला टाकतात तसली, म्हणजे पाणी निथळतं. ओढताना कोपर होडीच्या कडेबाहेर फार गेलं की होडी कलंडते, त्यामुळे झाड होडीच्या अंगाला घासूनच वर घ्यायचं. हे मला तीनदा सांगावं लागलं.

दाट पसरलं असेल तिथे यंत्राची बोट येते. पण यंत्र उथळ पाण्यात, काठच्या झुडपांखाली, कमळांच्या मधे जाऊ शकत नाही. तिथे एखाददुसरी चकती लपलेली असते, आणि ती राहिली तर काय होतं त्याचा हिशेब ऐका. ही वनस्पती वर्षायू आहे, दर वर्षी बियेपासून नव्याने उगवते. एका बियेपासून दहा-पंधरा चकत्या होऊ शकतात. प्रत्येक चकतीला पंधरा-वीस फळं धरू शकतात. म्हणजे एका बियेची पुढच्या वर्षी दीडशे ते तीनशे. फळ पिकलं की गळून तळाशी जातं. म्हणून काम फळं गळायच्या आत, जून-जुलैमध्ये, फार तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत करायचं. बहुतेक बिया पहिल्या दोन वर्षांत उगवतात, पण काही गाळात बारा वर्षांपर्यंत जिवंत राहतात.

बारा वर्षं. मी होडीत बसून वजाबाकी केली. त्या उन्हाळ्यात माझ्या हातून निसटलेलं एखादं फळ मी ८६ वर्षांचा असताना उगवेल. मी असलो तर. नात तेव्हा सत्तावीस वर्षांची असेल. अशा वेळी आपल्याकडे लगेच निष्काम कर्मयोग काढतात. मी काढणार नाही. कारण फळाची अपेक्षा सोडा असं तिथे कुणीच सांगत नाही. तिथे टोपल्या मोजतात, वहीत लिहितात, मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघतात. फळाकडे अगदी बारीक लक्ष असतं. दोन्ही अर्थांनी.

हे तण तिथे आलं कसं? १८७० च्या दशकात केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात हा शिंगाडा लावलेला होता. तिथल्या माळ्याने १८७९ च्या सुमारास जवळपासच्या तळ्यांत बिया टाकल्या. शोभेसाठी, हौसेने. तिथून तो नदीत उतरला. पण एवढ्याने तण होत नाही. वॉल्टममध्ये मूडी स्ट्रीटला एक धरण आहे. १८१४ मध्ये तिथे कापडगिरणी निघाली. कापसापासून कापडापर्यंत सगळं एका छताखाली करणारी अमेरिकेतली ती पहिली गिरणी. गिरणीसाठी पाणी अडवलं. धरणाच्या वर नदी पसरली, उथळ झाली, संथ झाली, इतकी की त्या भागाला तलावांचा प्रदेशच म्हणतात. त्यात अंगणातल्या हिरवळींचं खत आणि रस्त्यांवरचं पाणी वाहून येतं. संथ, उथळ, फॉस्फरसने भरलेलं पाणी. शिंगाड्याला आणखी काय हवं? त्याचं छप्पर झालं की खाली ऊन पोचत नाही. मग ते सगळं कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपतो.

आता त्या दिवशीचा प्रसंग. आमच्या शेजारच्या होडीत माझ्याच वयाचे एक गोरे गृहस्थ होते. अतिशय सज्जन. मला टोपली नीट ठेवायला त्यांनीच शिकवलं. एक मोठं झाड उपटून ते आनंदाने म्हणाले, "ही सगळी परदेशी मंडळी एकदाची इथून गेली पाहिजेत!" आणि मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. कान लाल झाले हो त्यांचे. मी म्हटलं, "काळजी करू नका, माझं परतीचं तिकीट ऑगस्टचं आहे." ते हसले, मी हसलो. नात हसली नाही. ती तिथेच जन्मलेली आहे. परत येताना ती वल्हवत होती आणि बराच वेळ काही बोलली नाही.

त्या गृहस्थांना का लाजल्यासारखं झालं, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. त्यांना लाजवलं शब्दाने.

आपल्या न्यायशास्त्रात लक्षण कसं तपासायचं याचा नियम आहे. लक्षण नको तिथे लागू पडलं की अतिव्याप्ती, हवं तिथे पडलं नाही की अव्याप्ती. 'जे बाहेरून आलं ते तण' हे लक्षण घ्या. मिरची अमेरिका खंडातून आली. बटाटा, टोमॅटो, मका, पेरूही तिथलेच. त्यांना तण म्हणाल? ही झाली अतिव्याप्ती. उलट पाणकणीस आपलंच. पण सांडपाण्याच्या तळ्यात ते असं माजतं की तळं दिसेनासं होतं. ही अव्याप्ती. लक्षण दोन्हीकडून पडलं.

आणि खुद्द शिंगाडा बघा. मॅसॅच्युसेट्समध्ये तो उपटायचा. युरोपात तो अनेक ठिकाणी दुर्मीळ झालाय, म्हणून १९७९ च्या बर्न कराराच्या संरक्षित वनस्पतींच्या यादीत त्याचं नाव आहे. आणि आपल्या भंडारा-गोंदियाकडे ढीवर लोक तळ्यात तो मुद्दाम लावतात, डोंग्यातून तोडतात, उकडून विकतात. आता कुणी म्हणेल, आपला दोन शिंगांचा, तिकडचा चार शिंगांचा. खरं आहे. काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना एकाच जातीचे प्रकार मानतात, काही वेगळे मानतात. पण माझ्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही. चार शिंगांचाच शिंगाडा एका खंडात जपतात आणि दुसऱ्यात उपटतात. तेव्हा तणपण झाडात नसतं. ते झाड, ते पाणी आणि त्या पाण्याचं माणसांनी काय केलंय, यांच्या संबंधात असतं.

मग उपटायचं की नाही? उपटायचं. त्या पाण्यात तो इतरांचा श्वास कोंडतो, एवढं कारण पुरे आहे. त्यासाठी त्याचा पासपोर्ट बघायची गरज नाही. तसा तो माझ्या मुलीच्या सव्वाशे वर्षं आधी तिथे पोचलेला आहे.

माणसांना हीच भाषा लावली की गडबड कुठे होते तेही बघा. झाडाला आपण विचारू शकत नाही. सगळ्या चकत्या सारख्याच, म्हणून आपण त्यांचा घाऊक निर्णय करतो, आणि त्यात अन्याय होत नाही. माणसाला विचारता येतं, तो उत्तर देऊ शकतो, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. घाऊक निर्णय तिथेच चुकतो. हे अमेरिकेलाच सांगायचंय असं समजू नका. मुंबई-पुण्यात 'बाहेरचे' हा शब्द आपण किती सहज वापरतो.

आता आपल्या नद्या. मुळा, पवना, इंद्रायणी उन्हाळ्यात जलपर्णीने हिरव्यागार होतात. ही दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जांभळ्या फुलांच्या हौसेने बंगालमध्ये आली, आणि १९३६ साली तिथे तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. मला नेहमी विचारतात, आपणही कयाक घेऊन उतरावं का? उतरावं, पण क्रम लक्षात घ्या. चार्ल्स नदीला १९९५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने 'डी' श्रेणी दिली होती. सांडपाण्याच्या वाहिन्यांवर वर्षानुवर्षं काम झालं, तेव्हा ती 'बी'पर्यंत चढली. म्हणून तर माझी नात त्या पाण्यात हात घालू शकते. आपल्याकडे जलपर्णीला रोज ताजं सांडपाणी मिळतं. वरून काढायची आणि खालून वाढायची. उरलेली पहिल्या पुरात भीमेकडे जाते, म्हणजे खालच्या गावांच्या माथी. काढायला उतरणाऱ्याने महापालिकेच्या सभेत सांडपाण्याचा प्रश्नही विचारला पाहिजे. नुसती होडी पुरणार नाही.

भंडाऱ्याकडच्या तळ्यांत एक फार चांगली गोष्ट झालीय. तिथे ढीवर बायकांनी बेशरम उपटली आणि रिकाम्या जागी तळ्यातल्या मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, माशांना आसरा मिळावा म्हणून. लावण्याचं काम उपटण्याइतकंच कष्टाचं, पण त्याचा फोटो चांगला येत नाही, त्यामुळे ते कुणी फारसं करत नाही.

पुढे बसलेल्या ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवलीय: उपटलेले शिंगाडे खाता येतात का? नाही. एक तर आपण ते फळ भरायच्या आधीच उपटतो, आत गर नसतोच. दुसरं म्हणजे त्या नदीच्या गाळात जुन्या कारखान्यांचं काय काय साठलंय, ते पोटात नको. सगळं खत करायला पाठवतात. आणि होडी काठावर धुऊन, वाळवूनच पुढच्या तळ्यात न्यायची, नाहीतर आपणच तो माळी.

त्याच आठवड्यात आषाढी एकादशी होती. मूडी स्ट्रीटवर, त्या धरणापासून चालत जाण्याच्या अंतरावर, भारतीय वाणसामानाचं दुकान आहे. तिथून मुलीने शिंगाड्याचं पीठ आणलं आणि शिरा केला. नातीने पाकिटावरचं चित्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "आबा, हे तेच?" म्हणाली. मी म्हटलं, "जवळजवळ तेच. याला दोन शिंगं." तिने शिरा दोनदा घेतला.