झटका येऊन गेल्यावर

समजा, सोमेश्वरनगरच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवणारे एक सर आहेत. वय सेहेचाळीस. तंबाखू नाही, विडी नाही, शाळेत जायला सायकल. कारखान्याचा गळीत हंगाम ऐन भरात असताना एके दिवशी पहाटे त्यांच्या छातीत जड वाटू लागते, दरदरून घाम फुटतो. आधी सोडा होतो, मग ओवा, मग शेजाऱ्यांची जीप, आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत बारामती. हृदयाच्या रोहिणीत अडकलेली गुठळी काढून फुग्याने वाट मोकळी करतात, आत जाळी बसवतात. पाचव्या दिवशी सर घरी येतात. 'वाचलात सर!' असे सगळे म्हणतात.

इथपर्यंतची गोष्ट आपण प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकलेली असते. आम्हाला लिहायचे आहे ते सहाव्या दिवसापासूनचे.

रात्री दिवा मालवला की सरांना उशीवर कान टेकताच स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येतात. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की ते उठून बसतात. वहिनी त्याआधीच जाग्या असतात. श्वास चालू आहे ना, हे त्या अंधारात पाहत असतात. दिवसा भेटायला माणसे येतात. 'या वयात कसं काय हो?' 'फार टेन्शन घेता तुम्ही.' 'आता जिना चढायचा नाही.' मुलगा घरात हळू आवाजात बोलू लागतो. सायकल माळ्यावर जाते. कधी न रडणारे सर टीव्हीवरची मालिका पाहताना रडतात, आणि चहाला उशीर झाला म्हणून वहिनींवर ओरडतात.

हे सगळे मनाचे दुबळेपण आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. त्यातले बरेचसे शरीरशास्त्राने समजावून सांगता येते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. मुलांना बाकावर शांत बसवून मनगटाची नाडी पंधरा सेकंद मोजायला लावा आणि आकड्याला चाराने गुणायला सांगा. मग गंभीर चेहऱ्याने सांगा, 'पुस्तके मिटा, आता वीस गुणांची चाचणी.' लगेच पुन्हा नाडी मोजायला सांगा. कोणी जागचे हललेले नसते, तरी बऱ्याच जणांचा आकडा वाढलेला दिसेल. (चाचणी नाही हे नंतर सांगायला मात्र विसरू नका.) मेंदूने धोका ओळखला की काही नसांवाटे थेट हृदयाला संदेश जातो आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात. ठोके जलद व जोरकस होतात, श्वास उथळ होतो, घाम येतो, छाती आवळल्यासारखी वाटते.

आता ही यादी पुन्हा वाचा. धडधड, घाम, धाप, छातीत आवळणे. भीतीची लक्षणे आणि झटक्याची लक्षणे किती जवळची आहेत! वाघाला भ्यालेला माणूस वाघापासून दूर पळू शकतो. आपल्या हृदयालाच भ्यालेल्या माणसाने कुठे पळायचे? भीती वाटली की धडधड होते, धडधड झाली की 'पुन्हा आला' म्हणून भीती वाढते, आणि त्याने धडधड आणखी वाढते. सरांची रात्र या चक्रात जाते.

मात्र हे वाचून छातीतले दुखणे 'भीतीचेच असेल' म्हणून घरी ठरवू नये. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर बसून ती घ्यावी. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ ला फोन करावा. तपासून काही निघाले नाही तर ओशाळण्याचे कारण नाही.

दुसरा सल असतो 'कालपर्यंत मी ठणठणीत होतो' हा. तोही समजून घेण्यासारखा आहे. रोहिणीच्या भिंतीत साचलेला मेदाचा थर वर्षानुवर्षे मुकाट असतो. पुष्कळदा तो वाट निम्मीसुद्धा अडवत नाही, म्हणून चालताना, सायकल मारताना काही जाणवत नाही. एके दिवशी त्या थराचे पातळ आवरण फाटते आणि तिथे रक्ताची गुठळी धरून काही मिनिटांत वाट बंद होते. म्हणजे सर कालपर्यंत ठणठणीत वावरत होते हे खरेच होते. वयाचे म्हणाल, तर बावन्न देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासाच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या भागात दक्षिण आशियातल्या लोकांचे पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ निघाले, तर इतरत्र ते ५९ च्या आसपास होते. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातला मेद आणि मनावरचा ताण अशी कितीतरी कारणे त्यात एकत्र येतात. 'भाजीत तेल फार घालता' म्हणून घरच्या बाईला दोषी धरणे किंवा 'रागावर ताबा नाही' म्हणून आजाऱ्याला बोल लावणे, दोन्ही शास्त्राला धरून नाही.

जिना चढू नका, हा सल्ला येतो कुठून? एके काळी तो डॉक्टरांचाच होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटका आलेल्याला चार-सहा आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. अमेरिकेतल्या लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी १९५२ मध्ये रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याची पद्धत मांडली, तेव्हा ती धाडसाची वाटली होती. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. पॉल डडली व्हाइट या हृदयतज्ज्ञांनी त्यांचा आजार लोकांना उघडपणे समजावून सांगितला आणि त्यांना पुन्हा कामाला लागण्याचे उत्तेजन दिले. पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. निजून राहिल्याने हृदय सांभाळले जात नाही. उलट स्नायू आठवडाभरातच ढिले पडू लागतात, मग अंगणात चालले तरी धाप लागते, आणि 'हृदय कामातून गेले' असे मनाला वाटू लागते. प्रत्यक्षात निकामी झालेल्या स्नायूच्या जागी सहा-आठ आठवड्यांत घट्ट व्रण तयार होतो आणि उरलेला स्नायू काम करीत असतो.

काही दिवस उदास वाटणे स्वाभाविक आहे. पण साधारण पाचांतल्या एकाला खरे नैराश्य येते, आणि त्याकडे काणाडोळा करणे महागात पडते. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात २२२ रुग्णांवर केलेला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. इस्पितळात असतानाच नैराश्य असलेल्यांना सहा महिन्यांत मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या सुमारे चौपट दिसला, तोही आजाराची तीव्रता हिशेबात घेऊन. मग नैराश्य घालवले की धोका टळतो का? तेवढे सरळ नाही. २००३ साली जवळजवळ अडीच हजार रुग्णांच्या अभ्यासात मानसोपचाराने मन सुधारले, पण मृत्यू आणि नवे झटके कमी झाले नाहीत. मग उपचार कशाला, असे कोणी विचारील. उदास माणसाला बरे वाटावे, हे कारण आम्हाला पुरेसे वाटते.

ज्ञान असले म्हणजे या गोष्टी टळतात असेही नाही. गडचिरोलीत आदिवासींमध्ये काम करणारे डॉ. अभय बंग हे स्वतः वैद्यकशास्त्राचे एम.डी. त्यांना १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी झटका आला. 'हे मलाच का?' हा प्रश्न त्यांनाही सुटला नाही. त्यांनी एखाद्या संशोधकासारखी स्वतःच्याच जगण्याची तपासणी केली. आहार, व्यायामाचा अभाव, कामाची घाई, मनातला ताण हे सगळे त्यांनी पुढे मांडले आणि व्यायाम, ध्यान, माणसांशी जवळीक अशी नवी दिनचर्या घातली. हा अनुभव 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात आहे आणि मराठीत असंख्य घरांतून तो वाचला गेला. आम्हाला त्यातली एक बाजू विशेष वाटते. प्रतिष्ठित पुरुषाने 'मी घाबरलो' असे मराठीत चारचौघांत लिहिणे फारसे रूढ नव्हते. आणि ते घरी बसून राहिले नाहीत. खेड्यातल्या नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा त्यांचा आणि डॉ. राणी बंग यांचा प्रयोग, ज्यामुळे ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला १९९९ साली, म्हणजे झटक्यानंतर चार वर्षांनी.

योगाविषयीही आपल्याकडे मोजून पाहिलेले आहे. भारतातल्या २४ केंद्रांत ३,९५९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. योगाच्या वर्गांना गेलेल्यांना आपली तब्येत अधिक चांगली वाटली आणि पूर्वीच्या कामांकडे ते अधिक प्रमाणात परतले. नवे झटके मात्र निश्चितपणे कमी झाल्याचे दिसले नाही. योगाने रोहिण्या साफ होतात असे कोणी सांगितले तर हा आकडा लक्षात ठेवावा, आणि योगाने काही होत नाही असे सांगितले तरीही.

आता आपल्या सरांकडे येऊ. डॉक्टरांना विचारून ते नीरा डाव्या कालव्याच्या कडेने सकाळी पाच मिनिटे चालू लागतात, वहिनीही बरोबर. दर दोन-तीन दिवसांनी एखादे मिनिट वाढवायचे. चालताना बोलता येत असेल तर वेग ठीक. नाडी वाढते आणि थांबल्यावर उतरते, हे ते स्वतः वहीत लिहितात. गणिताच्या माणसाला आकडा धीर देतो. धडधड झाली आणि काही बिघडले नाही, असे वीस वेळा घडले की एकविसाव्या वेळी मेंदू घंटा हळू वाजवतो. औषधांपैकी नाडी संथ ठेवणाऱ्या गोळीने थकवा किंवा विचित्र स्वप्ने पडू शकतात. तसे असेल तर सांगावे, गोळी आपण होऊन बंद करू नये. पती-पत्नी संबंधांविषयी कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो. दोन जिने दमदार पावलांनी, छातीत न दुखता चढता येत असतील तर बहुतेकांना त्याची भीती नसते.

सहकाऱ्यांनी काय करावे? 'जपा' म्हणण्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खिन्न होते का? आवडत्या गोष्टींतला रस गेला आहे का? एकाचेही उत्तर 'हो' आले तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हेच दोन प्रश्न वहिनींनाही विचारावेत. त्या महिनाभर नीट झोपलेल्या नसतात.

आणि वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. सरांचे सगळे तास दुसऱ्यांना वाटून टाकू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या आठवड्यात दोनच तास द्या, तळमजल्यावरच्या वर्गात, पण त्यांचाच दहावीचा वर्ग असू द्या.