लोणारचं वय कुठून आणायचं?

समजा, मराठी विकिपीडियावर लोणार सरोवराच्या लेखात विवराचं वय घालायचं आहे. शोधायला बसलं की दोन उत्तरं हाती येतात. कुठे ५२ हजार वर्षं, तर कुठे ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! अशा वेळी कोणता आकडा जास्त ठिकाणी दिसतो हे मोजून काही साधत नाही. पर्यटनाची संकेतस्थळं आणि ब्लॉग एकमेकांचं उचलतात, आणि बऱ्याचदा विकिपीडियाचंच. तसलं पान संदर्भ म्हणून जोडलं, तर विकिपीडिया स्वतःच स्वतःची साक्ष काढतो.

म्हणून आकडा मुळात कोणी काढला, तिथवर मागे जायचं. पहिला आकडा थर्मोल्युमिनिसन्स पद्धतीने काढलेला आहे. दुसरा 'जिऑलॉजी' या नियतकालिकात २०११ साली आला. ज्या उल्केमुळे विवर झालं, तिच्या धडकेत वितळून पुन्हा थिजलेल्या खडकाचं वय त्यासाठी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने मोजलं होतं, आणि त्यात ४७ हजार वर्षं इकडेतिकडे धरली आहेत. लेखात दोन्ही आकडे द्यावेत, पद्धतीसकट, आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा संदर्भ. खरा कोणता याचा निवाडा संपादकाने स्वतःच्या अकलेने करायचा नसतो; तो कुठल्या अभ्यासकाने केला असेल, तर त्याच्या नावावर सांगावा.

कृती सोपी आहे. 'संपादन' उघडून वाक्य संपतं तिथे कर्सर ठेवायचा आणि संदर्भाचं बटण दाबायचं. शोधनिबंधाचा डीओआय क्रमांक दिला, की बराचसा तपशील आपोआप भरला जातो. मराठी पुस्तकांच्या बाबतीत मात्र लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष हे बहुधा हातानेच भरावं लागतं. पुस्तक इंटरनेटवर नसलं तरी चालतं, पण पृष्ठ क्रमांक हवाच. नेमका तोच लोक गाळतात, आणि मग पडताळणाऱ्याला चारशे पानं चाळत बसावं लागतं.

संदर्भ लेखाला नव्हे, विधानाला लागतो. त्याच परिच्छेदात पुढे 'लोणार २०२० साली रामसर यादीत आलं' असं लिहिलंत, तर २०११चा निबंध त्याला कसा पुरेल? तिथे पाणथळ जागांची ती रामसर यादीच दाखवावी. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, या घटनेला वर्तमानपत्राची बातमी चालेल. कारणाला चालणार नाही, कारण पहिल्या दिवसांच्या बातम्यांत निव्वळ तर्क होते. ते मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून काढला.

आणि दुसऱ्या कुणाचं वाक्य बिनसंदर्भाचं दिसलं, तर? आधी स्वतः शोधून पाहावं. नाहीच सापडलं, तर 'संदर्भ हवा' हा साचा लावून ठेवावा. हयात व्यक्तीबद्दलचा वादग्रस्त मजकूर असेल, तर मात्र वाट न पाहता काढून टाकावा.