सीए परीक्षेचा अभ्यास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सनदी लेखापाल होण्यासाठीची परीक्षा भारतीय सनदी लेखापाल संस्था, म्हणजे आयसीएआय, फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल अशा तीन टप्प्यांत घेते. १ जुलै २०२३ पासून नवी शिक्षणयोजना लागू झाली. इंटर आणि फायनलचे पेपर आठाचे सहा झाले, आर्टिकलशिप, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आले. सल्ले मात्र अजून जुन्याच योजनेतले फिरताना दिसतात. त्यातले निम्मे तरी उत्तीर्णतेचे नियम पुरते न वाचता दिलेले असतात.

सगळ्यांत महागात पडणारा समज म्हणजे ‘प्रत्येक पेपरात चाळीस पडले की झालं’. इंटर आणि फायनलला तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप असतात. प्रत्येक पेपरात ४० टक्के लागतात हे खरे, पण ग्रुपच्या बेरजेत ५० टक्केही लागतात, म्हणजे ३०० पैकी १५०. ४५, ४६ आणि ४८ गुण मिळवणारा विद्यार्थी १३९ वर अडकतो; एकाही विषयात तो नापास नसतो, तरी ग्रुप जातो. दुसरीकडे ८५, ८० आणि ३९ घेणाऱ्याची बेरीज २०४ होते आणि त्याचाही ग्रुप जातो. म्हणून कच्चा विषय चाळिशीच्या काठावर न ठेवता पंचेचाळीस-पन्नासपर्यंत नेणे आणि निदान एका विषयात साठीच्या पुढे जाणे, असा दुहेरी बेत करावा लागतो. पेपरात ६० किंवा जास्त गुण पडले आणि ग्रुप राहिला, तर त्या पेपराला पुढच्या तीन परीक्षांपुरती सूट मिळते. वर्षाला दोन परीक्षा होत तेव्हा ही सूट साधारण दीड वर्ष पुरे. आता इंटरची परीक्षा वर्षातून तीनदा होते, त्यामुळे त्या तीन परीक्षा वर्षभरातच संपतात. ‘अटेम्प्ट वाढले, आता घाई नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

एकच ग्रुप देणे नेहमी सुरक्षित, हेही अर्धसत्य आहे. दोन्ही ग्रुप एकाच वेळी दिले, सहाही पेपरांत ४० टक्के मिळाले आणि एकूण ६०० पैकी ३०० झाले, तर दोन्ही ग्रुप उत्तीर्ण धरले जातात. समजा पहिल्या ग्रुपमध्ये ४२, ४५, ५५ म्हणजे १४२ पडले आणि दुसऱ्यात ६०, ५०, ५२ म्हणजे १६२. एकूण ३०४ होतात आणि विद्यार्थी दोन्ही ग्रुप पास होतो. हेच १४२ गुण एकट्या पहिल्या ग्रुपला पडले असते तर तो नापास ठरला असता. अर्थात सहाही विषयांची एकदा तरी उजळणी होणार नसेल, तर या नियमाच्या भरवशावर दोन्ही ग्रुप भरणे म्हणजे जुगारच. तिथे एक ग्रुप नीट देणे शहाणपणाचे.

संस्था ठरावीक संख्येनेच मुले पास करते, असे क्लासच्या जिन्यावर हमखास ऐकू येते. कोटा असा कुठेच नाही. ४० आणि ५० टक्क्यांचे निकष नियमांतच ठरलेले आहेत आणि विद्यार्थ्याची स्पर्धा त्या आकड्यांशी असते.

‘रोज चौदा-सोळा तास बसल्याशिवाय सीए होत नाही’ हा समज आर्टिकलशिप करणाऱ्याला नाहक खचवतो. त्याच्या उलट टोकाचा समज जास्त घातक आहे. नव्या योजनेत प्रशिक्षण संपल्यावर फायनलच्या अभ्यासासाठी सहा महिने मिळतात, म्हणून तोवर पुस्तक उघडायचेच नाही, असे अनेकजण ठरवून टाकतात. सहा महिने, सहा पेपर. एकेका पेपराला महिना दिला तर उजळणीला एक दिवसही उरत नाही. पहिले वाचन आर्टिकलशिपमध्येच, रोज दीड-दोन तास का होईना, उरकले तरच ते सहा महिने उजळणीला आणि लेखी सरावाला वापरता येतात. फायनलच्या आधी चार ‘सेल्फ-पेस्ड’ ऑनलाइन मॉड्यूलही प्रत्येकी ५० टक्के गुणांनी पूर्ण करावी लागतात. ती शेवटच्या महिन्यावर ढकलू नयेत.

धडा तीनदा वाचून, पिवळ्या हायलायटरने रंगवला की तो पक्का झाला असे वाटते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले, पण आठवड्याने बाजी पलटली आणि न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. सीएच्या अभ्यासात याचा अर्थ साधा आहे. महसूल-नोंदणीच्या इंड-एएस ११५ या लेखामानकात पाच पायऱ्या आहेत : करार ओळखणे, त्यातली कर्तव्ये ओळखणे, किंमत ठरवणे, ती कर्तव्यांवर वाटणे आणि कर्तव्य पुरे होताच महसूल नोंदवणे. पुस्तक मिटून या पायऱ्या कोऱ्या कागदावर उतरवायच्या आणि लगेच एक उदाहरण सोडवायचे. चौथ्या पायरीपाशी हात थबकला, तर नेमके काय कच्चे आहे ते तिथल्या तिथे कळते. तीच उजळणी आठवड्याने, मग महिन्याने केली की ती जास्त टिकते. लेखी चाचण्या अभ्यासक्रम संपल्यावर, असा बेत केला की त्या सहसा राहूनच जातात.

सीनियरच्या नोट्स घेण्यात गैर काही नाही. करविषयांत मात्र त्या धोक्याच्या असतात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला. त्यात ५३६ कलमे आहेत आणि क्रमांक बदलले आहेत. कोणत्या परीक्षेला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू, हे संस्था जाहीर करते. तिचे स्टडी मटेरियल, आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर) आणि मॉक टेस्ट पेपर संकेतस्थळावर फुकट मिळतात. क्लास लावला तरी अभ्यासाचा पाया हेच साहित्य असावे.

एमसीक्यू म्हणजे फुकटचे गुण, हा नव्या पद्धतीतला नवा भ्रम आहे. इंटर आणि फायनलच्या बहुतेक पेपरांत ३० टक्के गुण बहुपर्यायी प्रश्नांना आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. पण बरेच प्रश्न लांबलचक प्रसंगावर बेतलेले असतात आणि वाचण्यातच वेळ जातो. फाउंडेशनच्या तिसऱ्या-चौथ्या पेपरात मात्र चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. फायनलचा सहावा पेपर पुस्तक उघडून द्यायचा असतो, म्हणून त्याचा अभ्यास नको, असेही मानले जाते. कोणते उत्तर कोणत्या पानावर हे ठाऊक नसेल, तर उघड्या पुस्तकात वेळच जातो.

परीक्षेच्या दालनातला हिशेबही आधीच झालेला असावा. तीन तासांच्या पेपरात १०० गुणांना १८० मिनिटे, म्हणजे गुणामागे १.८ मिनिटे, १४ गुणांच्या प्रश्नाला साधारण पंचवीस मिनिटे. अशा लेखी पेपरांत सुरुवातीला प्रश्नपत्रिका वाचायला मिळणारी १५ मिनिटे प्रश्नांचा क्रम ठरवायला वापरावीत. कायद्याच्या उत्तरात तरतूद, प्रसंगाला तिचा लागू होणारा भाग आणि निष्कर्ष हा क्रम ठेवावा. कलमाचा क्रमांक आठवत नसेल तर चुकीचा ठोकून देण्यापेक्षा न लिहिलेला बरा. हिशेबाच्या प्रश्नात ताळेबंद जुळला नाही तरी वर्किंग नोट्सना पायरीनुसार गुण मिळतात, म्हणून त्या खोडायच्या नाहीत आणि ताळेबंद जुळवण्यात पुढच्या प्रश्नाची मिनिटे घालवायची नाहीत.