गोळीचं नाव सांगा, आकडाही सांगा

पंचवीस वर्षं मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. संध्याकाळच्या गर्दीत लोक औषध कसं मागतात? ‘ती पांढरी गोळी द्या’, ‘नेहमीची एक स्ट्रिप द्या’. पण कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या गोळ्यांना ही पद्धत चालत नाही. हे मी माझ्याच चुकीतून शिकलो.

आमच्या गल्लीतल्या एक काकू यजमानांसाठी गोळ्या न्यायच्या. एकदा चिठ्ठी घरी राहिली. चिठ्ठीशिवाय हे औषध द्यायचं नसतं, पण ओळखीपोटी मी दिलं. नाव बघितलं, पुढचा आकडा बघितला नाही. २७५ ऐवजी ११० ची स्ट्रिप गेली. दोन दिवसांनी काकू आल्या. ‘अहो, यांना खुर्चीतून उठता येईना. आजार वाढला की काय?’ आजार वाढला नव्हता, औषध निम्म्याहून कमी झालं होतं. मी माफी मागितली. पण त्या दोन दिवसांत काका पडून हाड मोडलं असतं तर?

या आकड्यांचा अर्थ समजून घेऊ. कंपवातात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. लेव्होडोपा मेंदूत जाऊन त्याचं डोपामिन होतं. वाटेतच ते खर्ची पडू नये म्हणून सोबत कार्बिडोपा असतं. ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे २५० आणि २५. नावापुढे ‘सीआर’ असेल, तर ती गोळी पोटात हळूहळू विरघळणारी. ती कुटून किंवा चावून घेऊ नये, सगळं औषध एकदम सुटतं.

म्हणून दुकानात येताना चिठ्ठी आणि रिकामी स्ट्रिप दोन्ही आणा. नाव, आकडा आणि मुदतीची तारीख तिथेच वाचून घ्या. सुट्या गोळ्या घेतल्यात तर तारीख असलेला तुकडा मागून घ्या. बिल जपून ठेवा. कंपनी बदलून देत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची खरेदी करा. हे औषध एकदम बंद झालं तर अंग ताठरतं, ताप येतो, भ्रम होतो, प्रसंगी जिवावर बेततं.

वेळाही पाळायला हव्यात. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेतलेली बरी. दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिनं आतड्यातून जाताना तिची वाट अडवतात. म्हणून प्रथिनं सोडायची नाहीत, फक्त अंतर ठेवायचं. लोहाच्या गोळीपासूनही तिला लांब ठेवा. सुरुवातीला मळमळ झाली तर डॉक्टरांना सांगा, ते उपाय सुचवतील. लघवी गडद रंगाची झाली तर घाबरू नका. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून आधी पलंगाच्या कडेला जरा बसावं.

उलटीसाठी सर्रास मिळणारं मेटोक्लोप्रमाइड या रुग्णांना देऊ नये, त्याने कंपवात वाढतो. दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी डॉक्टरांकडे गेलात, तरी आधी ‘यांना पार्किन्सन्स आहे’ हे सांगा.

आणखी एक गोष्ट. खाजकुयलीच्या बियांची पावडर अनेकजण आणतात. त्या बियांमध्ये लेव्होडोपाच असतं. गोळ्या चालू असताना मनाने ती पावडर घेतली, तर मात्रा नकळत वाढते. मग हातपाय आपोआप वळवळू लागतात, भास होऊ लागतात. आयुर्वेदिक औषध घेत असाल, तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना ते माहीत असू द्या.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आलेलं हे औषध आजही कंपवातावरचं सर्वांत गुणकारी औषध मानलं जातं. ते आजार मुळातून बरा करत नाही, पण माणसाला स्वतःच्या हाताने चहाचा कप उचलता येतो. मात्र गोळी योग्य असावी लागते आणि वेळही.

काकू अजून येतात. पर्समधून रिकामी स्ट्रिप काढतात, मला आकडा मोठ्याने वाचायला लावतात, आणि मगच पैसे देतात. मला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)