विमानातून सोनं, नाणी आणि रोकड नेताना: किती चालतं, काय अडतं?

फेब्रुवारी 2025. दुबईहून आलेले तीन विद्यार्थी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरले आणि कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या ट्रॉली बॅगा उघडल्या. वरून पाहता आत कपडे आणि वह्या. वह्यांची पानं उलटली तेव्हा पानापानांत डॉलरच्या नोटा सापडल्या. एकूण 4 लाख 100 अमेरिकी डॉलर, म्हणजे सुमारे 3 कोटी 47 लाख रुपये.

चौकशीत विद्यार्थ्यांनी सांगितलं की बॅगा त्यांच्या नव्हत्याच. सहलीचं बुकिंग करणाऱ्या एजंटनं त्या दिल्या होत्या. ऑफिसची महत्त्वाची कागदपत्रं आहेत, दुबईला पोहोचवा, एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं. पण पुण्याहून रवाना झाल्यानंतर यंत्रणांना सुगावा लागला आणि त्यांना परत आणण्यात आलं.

ही बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न फिरू लागतो: विमानातून नेमकं किती सोनं आणि किती पैसे नेता येतात? उत्तरादाखल एक आकडा फॉरवर्ड होतो आणि लोक तो पाठ करून ठेवतात. गडबड इथेच होते, कारण सगळ्यांना लागू होणारा असा एक आकडा नाहीच. वस्तू दागिना आहे की नाणं, ती कोणाची आहे, विमान देशातलं आहे की परदेशातलं आणि विचारल्यावर आपण खरं सांगितलं का, यावर सगळं ठरतं.

500 ग्रॅमचा तो प्रसिद्ध आकडा

विवाहित स्त्रीला 500 ग्रॅम, अविवाहित स्त्रीला 250 ग्रॅम आणि पुरुषाला 100 ग्रॅम सोनं नेता येतं, हा मेसेज बहुतेकांनी वाचलेला असतो. आकडे खरे आहेत, पण त्यांचा विमानाशी काही संबंध नाही.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं 1994 साली आयकर अधिकाऱ्यांना एक सूचना दिली होती. एखाद्या घरावर आयकराचा छापा पडला आणि दागिन्यांचा हिशोब लगेच देता आला नाही, तरी या वजनापर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी ती सूचना. म्हणजे ही घरच्या बायाबापड्यांचे दागिने उचलून नेऊ नयेत म्हणून दिलेली सवलत आहे. ती सोनं बाळगण्याची कमाल मर्यादा नाही आणि प्रवासाचा परवाना तर नाहीच. शिवाय ती दागिन्यांपुरती आहे. बिस्किटं आणि नाणी तिच्यात येत नाहीत.

पुण्याहून नागपूर किंवा दिल्ली: इथे कस्टम्स नाही

देशांतर्गत विमानात सोनं किंवा रोकड नेण्यावर वजनाची वा रकमेची कायदेशीर मर्यादा नाही. लक्ष्मी रस्त्यावरून घेतलेली वेढणी, लग्नाचे दागिने, चांदीची नाणी हे सगळं नेता येतं. फक्त ते लपून राहत नाही. सोनं-चांदी हे जड धातू. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर नाण्यांचा गठ्ठा गडद डागासारखा दिसतो, आणि आत काय आहे हे कळलं नाही की सुरक्षा कर्मचारी बॅग उघडायला सांगणारच. अशा वेळी सगळ्यांसमोर डबा उघडण्याऐवजी बाजूला तपासणी करा, अशी विनंती प्रवासी करू शकतो.

विमानतळाची सुरक्षा सीआयएसएफकडे असते. त्यांचं काम शस्त्रं आणि स्फोटकं शोधण्याचं. पण मोठी रोकड किंवा सोन्याची बिस्किटं दिसली तर ते आयकर विभागाला कळवतात. मग प्रश्न विचारला जातो तो एकच: हे कुठून आलं?

उत्तर कागदावर असेल तर प्रकरण तिथेच मिटतं. रोकड असेल तर बँकेतून काढल्याची नोंद. सोनं असेल तर सराफाचं बिल. 1 एप्रिल 2023 पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सक्तीचा आहे, तो बिलाशी जुळवता येतो. नाणं किंवा चीप ज्या सीलबंद कार्डात मिळते, ते कार्ड फोडू नये, कारण त्यावरचा क्रमांक हाच त्या नाण्याचा पुरावा.

जमिनीच्या किंवा जुन्या गाडीच्या व्यवहाराचे पैसे रोखीत आणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एका व्यवहारापोटी 2 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत स्वीकारायला आयकर कायद्यानं मनाई आहे. त्यामुळे “व्यवहाराचे पैसे आहेत” हे उत्तर काही वेळा सुटकेऐवजी नवी अडचण उभी करतं. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर तपासणी आणखी कडक होते आणि 10 लाखांच्या वरची रोकड सापडल्यास आयकर विभागाला कळवलं जातं.

परदेशातून येताना: नाणं म्हणजे दागिना नव्हे

सर्वात जास्त लोक अडकतात ते इथे.

एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्या भारतीयाला काही दागिने शुल्काविना आणता येतात: स्त्रियांना 40 ग्रॅम, इतरांना 20 ग्रॅम. 2016 च्या नियमांत या वजनाला किमतीचीही अट होती, स्त्रियांसाठी 1 लाख आणि पुरुषांसाठी 50 हजार रुपये. सोन्याचे भाव इतके चढले की 20 ग्रॅम सोनं 50 हजारांत बसणंच अशक्य झालं. फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत किमतीची अट गेली, वजन तेवढं राहिलं.

पण ही सवलत फक्त दागिन्यांना आहे. नाणं, बिस्कीट, लगड या रूपातल्या सोन्याला ती मिळत नाही. दुबईतल्या मावशीनं भाचीच्या लग्नासाठी दिलेलं 10 ग्रॅमचं नाणं पहिल्या ग्रॅमपासून शुल्कास पात्र ठरतं. तेच सोनं बांगडीच्या रूपात असतं, तर वर्षभर परदेशात राहून परतणाऱ्या बाईला ते शुल्काविना आणता आलं असतं. चार दिवसांच्या दुबई सहलीवरून परतणाऱ्याला मात्र 20-40 ग्रॅमची ही सवलत नाही.

सहा महिन्यांहून जास्त काळ परदेशात राहिलेल्या भारतीयाला 1 किलोपर्यंत सोनं सवलतीच्या दरानं शुल्क भरून आणता येतं, आणि यात नाणी-बिस्किटंही चालतात. हे शुल्क परकीय चलनात भरावं लागतं. सोन्यावरचं शुल्क जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं होतं. दर बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवशीचा दर पाहून घ्यावा. सहा महिन्यांची अट पूर्ण होत नसेल, तर दर कितीतरी जास्त असतो.

दागिना आणि लगड यांतला हा भेद जुना आहे. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, पुढे 1968 चा कायदा झाला. सामान्य माणसानं दागिने बाळगावेत, पण सोन्याची लगड नाही, असा त्याचा रोख होता. दागिना ही घरातली वस्तू, लगड हा व्यापार, अशी सरकारची समजूत. तो कायदा 1990 मध्ये रद्द झाला. कस्टम्सच्या काउंटरवर मात्र हा भेद अजून टिकून आहे.

लाल वाट, हिरवी वाट

विमानतळावर बाहेर पडताना दोन वाटा असतात. हिरव्या वाटेनं गेलं की “माझ्याकडे शुल्क लागणारं काही नाही” असं प्रवाशानं सांगितल्यासारखं होतं. खिशात नाणी ठेवून त्या वाटेनं जाणं म्हणजे खोटं निवेदन. मग सोनं जप्त होऊ शकतं, दंड होऊ शकतो, आणि प्रकरण मोठं असेल तर अटकही.

लाल वाटेनं जाऊन आधीच सांगितलं तर शुल्क भरून सुटका होते. आणखी एक सोय फार कमी लोकांना ठाऊक असते. सोनं भारतात आणायचंच नसेल, तर ते खरं जाहीर करून कस्टम्सकडे ठेवता येतं आणि परत जाताना पावती दाखवून सोडवून घेता येतं.

उलट बाजूही आहे. इथून अमेरिकेला लेकीकडे जाणाऱ्या आजी अंगावर पाटल्या आणि गोठ घालून जातात. सहा महिन्यांनी परतल्यावर हे इथलंच सोनं आहे, हे दाखवायचं कसं? त्यासाठी जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं. दागिन्यांचे फोटो, वजन आणि बिल सोबत असावं, आणि या कामासाठी विमानतळावर तासभर आधी पोहोचावं.

राणीछाप रुपया नेता येत नाही

लक्ष्मीपूजनाच्या ताटातला राणीछाप रुपया परदेशातल्या नातवाला द्यावा, असं अनेकांना वाटतं. पण 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. व्हिक्टोरिया राणीचं निधन 1901 साली झालं. म्हणजे तिच्या काळातला प्रत्येक रुपया या कायद्यात येतो. शिवराई तर येतेच. या गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगवासाची शिक्षा आहे. नाण्याचं वय नक्की नसेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं.

परदेश प्रवासात रोकड किती?

भारतीय चलन: नेपाळ-भूतानचे नियम वेगळे आहेत. इतर देशांत जाता-येताना भारतात राहणाऱ्याला 25,000 रुपयांपर्यंत रोकड जवळ ठेवता येते.

परकीय चलन, जाताना: बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंत नोटा, बाकी रक्कम कार्डावर.

परकीय चलन, येताना: कितीही आणता येतं. मात्र नोटा 5,000 डॉलरहून जास्त असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून 10,000 डॉलरहून जास्त असतील, तर चलन जाहीरनामा भरावाच लागतो.

बॅग कोणाची, जबाबदारी कोणाची

मौल्यवान वस्तू चेक-इन बॅगेत टाकू नयेत. ती बॅग हरवली तर मिळणारी भरपाई आतल्या सोन्याच्या भावावर ठरत नाही, तिला ठरावीक मर्यादा असते, आणि दागिने-रोकड यांची जबाबदारी बहुतेक विमान कंपन्या आपल्या अटींतच नाकारतात. सोनं, नाणी आणि बिलं हातातल्या बॅगेत ठेवावीत आणि बिलांचे फोटो मोबाइलमध्ये असावेत.

शेवटची गोष्ट त्या वह्यांची. “एवढं पाकीट तिकडे पोहोचवता का?” असं ओळखीच्या माणसानं विचारलं की नाही म्हणणं जड जातं. पण ज्याच्या हातात बॅग असते, पहिली चौकशी त्याचीच होते. आत काय आहे ते स्वतः उघडून पाहिलेलं नसेल, तर ती बॅग घेऊ नये.