रंग शेवटी, बोटं आधी

कराड, विटा, मिरज या भागातल्या आठवडी बाजारात डालग्याखाली आता नुसती गावठी कोंबडी नसते. डोक्यावर पिसांची टोपी असलेली, पायांत पिसांचे मोजे घातल्यासारखी दिसणारी, अंगभर कापूस पिंजल्यासारखी अशी नाना तऱ्हेची पाखरं असतात. विकणारा ‘सिल्की’, ‘ब्रह्मा’, ‘पॉलिश’ अशी नावं सांगतो आणि घेणारा रंग बघून पैसे मोजतो. त्यातली बरीचशी पाखरं मिश्र असतात. मिश्र असण्यात वाईट काहीच नाही, उलट ती अनेकदा काटक निघतात. पण मिश्र पाखरू शुद्ध जातीच्या भावाने गळ्यात मारलं जातं, तेव्हा घेणाऱ्याचं नुकसान होतं.

जनावर पारखण्याची नजर सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत नाही, असं कोण म्हणेल? आटपाडी, म्हसवडकडचा शेतकरी खिलार बैल शिंगांवरून आणि कपाळावरून जोखतो. जतकडचा मेंढपाळ माडग्याळी मेंढी तिच्या बाकदार नाकावरून ओळखतो. कोंबडीच्या बाबतीत ही नजर घडली नाही, कारण परसातली गावठी पिढ्यान्‌पिढ्या सरमिसळच राहिली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे कडकनाथ, असील, गुजरात-महाराष्ट्रातली बुसरा अशा देशी जातींची नोंद आहे. सातारा-सांगलीची म्हणून ओळखली जाणारी जात त्यात नाही.

या भागाला कोंबडीच्या जातीचं नाव सगळ्यांत महागात पडलं ते 2019 मध्ये. इस्लामपूरच्या एका कंपनीने कडकनाथची पिल्लं देऊन अंडी आणि पक्षी परत विकत घेण्याची हमी दिली होती. ती हमी कोसळली आणि सांगली, सातारा, कोल्हापूरच्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. तिथे वाद पक्ष्याच्या शुद्धतेचा नव्हता, परत खरेदीचा होता. पण ‘काळी म्हणजे कडकनाथ, कडकनाथ म्हणजे सोनं’ हे समीकरण त्या काळात घराघरांत पोचलं होतं, आणि त्यातला पहिला भागसुद्धा चुकीचा आहे.

काळी कातडी, काळं मांस, काळी हाडं हा गुण एका प्रभावी जनुकीय बदलातून येतो. तो कडकनाथमध्ये आहे, तसाच चीनकडून आलेल्या सिल्कीमध्येही आहे. म्हणून काळं पाखरू हातात आलं की आधी पायाची बोटं मोजावीत. कडकनाथला चार बोटं, सिल्कीला पाच. कडकनाथच्या पायांच्या नळ्या उघड्या, सिल्कीच्या पिसांनी झाकलेल्या. कडकनाथचा तुरा एकेरी आणि दातेरी, सिल्कीचा अक्रोडासारखा गठ्ठेदार. चार बोटांच्या काळ्या पाखराच्या डोक्यावर पिसांची शेंडी दिसली, तर ते कडकनाथ म्हणून घेऊ नये.

गावठीशी संकर झाला की गंमत वाढते. कडकनाथ कोंबडा पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या गावठी कोंबडीवर सोडला, तर सहसा तलंगा गडद निघतात आणि त्यांचे सख्खे भाऊ फिकट. काळेपणा दाबणारं दुसरं जनुक लिंगगुणसूत्रावर असतं. कोंबडीकडून ते फक्त मुलांना मिळतं, मुलींना नाही. बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी 1911 मध्ये सिल्कीच्या संकरांतून हे कोडं मांडलं होतं. म्हणजे अशा संकरातली काळी तलंग बघून ‘शुद्ध कडकनाथ’ म्हणणाऱ्याने तिचा भाऊही दाखवावा.

बोटांनंतर तुरा. ब्रह्मा आणि कोचीन दोघांच्याही पायांवर पिसं असतात, पण ब्रह्माचा तुरा बुटका, तीन ओळींचा, तर कोचीनचा एकेरी. असीलचा तुराही बुटका असतो, मात्र पाय स्वच्छ आणि पिसं अंगाला घट्ट चिकटलेली. पायांवर विरळ, तुटक पिसं दिसली तर तो बहुधा ब्रह्मा किंवा कोचीनचा अर्धा वारसा समजावा. पॉलिशची टोपीही संकरात अर्धी होऊन उतरते.

पिसांचे प्रकार ओळखायला सोपे आहेत आणि फसवायलाही. सिल्कीच्या पिसांतल्या तंतूंना एकमेकांत अडकवणारे बारीक आकडे नसतात, म्हणून ती मऊ केसांसारखी वाटतात. हा गुण अप्रभावी आहे. सिल्की आणि गावठीची पहिली पिढी साध्या पिसांची निघते, आणि त्याच भावंडांचा जोड लागला की चारातलं एखादं पिल्लू पुन्हा मऊ पिसांचं होतं. उघड्या मानेच्या कोंबडीत याच्या उलट घडतं. हा गुण एकाच बाजूने आला तरी मान उघडी पडते, फक्त पुढच्या बाजूला पिसांचा एक झुबका राहतो. झुबका दिसला की पाखरू अर्ध्या वारशाचं. ही जात माणदेशाच्या उन्हाला सोयीची आहे, कारण अंगावर पिसं कमी असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते.

उलट्या पिसांच्या कोंबडीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. तिला उताऱ्यासाठी, करणी काढण्यासाठी मागणी असते आणि भोंदू लोक त्यावर पैसे उकळतात. त्या पिसांमागे केराटिन या प्रथिनाच्या जनुकातला एक बदल आहे, दुसरं काही नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी हे मोठ्याने सांगितलं पाहिजे. पाळणाऱ्यानेही एक काळजी घ्यावी. दोन उलट्या पिसांच्या पाखरांची जोडी लावू नये. त्यांच्या चारातल्या एका पिल्लाला दोन्हीकडून हा बदल मिळतो, त्याची पिसं ठिसूळ होऊन झडतात आणि ते थंडीत कुडकुडतं.

रंग शेवटी बघायचा, कारण तो सगळ्यांत कमी सांगतो. यात्रेत विकायला येणारी गुलाबी, हिरवी पिल्लं तर रंगात बुडवलेली हॅचरीची पिल्लं असतात, पहिली पिसं आली की तो रंग जातो. खऱ्या रंगांतही चकवा आहे. निळसर करड्या रंगाची जोडी महाग मिळते, पण तिची सगळी पिल्लं तशी निघत नाहीत. साधारण निम्मी करडी, पाव काळी आणि पाव मळकट पांढऱ्यावर शिंतोडे उडालेली. यात विकणाऱ्याने फसवलं असं नाही, त्या रंगाचा स्वभावच तो आहे. अंगावर आडवे पट्टे असलेल्या जातीत कोंबडा कोंबडीपेक्षा फिकट दिसतो, कारण पट्ट्यांचं जनुक त्याला दोनदा मिळतं आणि तिला एकदाच.

एवढं बघूनही शंका राहिली तर निकाल पिल्लांकडून घ्यावा. कोंबडीला इतर कोंबड्यांपासून वेगळं करून किमान तीन आठवडे थांबावं, कारण आधीच्या कोंबड्याचं वीर्य तिच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकतं. मग तिच्या जातीचा म्हणून घेतलेला एकच कोंबडा तिच्यासोबत ठेवावा, जोडी जमली की तिची अंडी तारीख घालून खुडूक कोंबडीखाली मांडावीत, आणि 21 दिवसांनी निघालेल्या प्रत्येक पिल्लाची बोटं, तुरा, पाय आणि कातडी वहीत लिहून ठेवावी. तुरा आणि पिसं नीट उमटायला तीन-चार महिने लागतात, तोवर त्यातलं एकही पिल्लू जातीच्या नावाने विकू नये.